मोहरीएवढ्या माशीचा सातबारा

पेपरात अधूनमधून चार ओळींची बातमी येते: अमुक जंगलात माशीची नवी प्रजाती सापडली. सोबत माशीचा कितीतरी पट मोठा केलेला फोटो आणि उच्चारताना जीभ अडखळेल असं नाव. वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी रानात गेलं, वेगळी माशी दिसली, पकडली आणि तिचं बारसं उरकलं. मी ठाण्यात एका प्रयोगशाळेत गेली काही वर्षं माश्या निवडायचं काम करते. पकडणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सोपा भाग, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात ओढ्याकाठच्या गवतावरून जाळं दहा वेळा फिरवलं तरी शे-दीडशे बारीक माश्या येतात. त्यातली एखादी आजवर कोणी नाव न दिलेली असूही शकते. पण ती नवी आहे असं कशाच्या जोरावर म्हणायचं? आणि आपण म्हटलं, तर उद्या नैरोबीत बसलेल्या माणसाने ते खरं की खोटं कसं तपासायचं? शास्त्राच्या दृष्टीने प्रजाती जन्माला येते ती या दोन प्रश्नांची उत्तरं छापली जातात तेव्हा. तोवर ती बाटलीतली एक माशी असते.

आधी दोन शब्दांचा गुंता सोडवू. शाळेच्या पुस्तकात स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हणतात, वर्तमानपत्रं मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. लोकांच्या तोंडी दुसराच अर्थ बसला आहे, म्हणून मी इथे स्पीशीजला प्रजाती म्हणते आणि जीनसला, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाला, जीनसच राहू देते.

दुसरा शब्द ‘माशी’. मराठीत तो ऐसपैस आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी या खऱ्या अर्थाने माश्या नाहीत. त्यांना चार पंख असतात आणि नात्याने त्या मुंग्यांना जवळच्या. खरी माशी दोन पंखांची, म्हणून तिच्या गणाचं नाव डिप्टेरा, म्हणजे ग्रीकमध्ये द्विपंखी. मागच्या पंखांच्या जागी तिला दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गुठळी असलेल्या, टाचणीसारख्या. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना या दांड्या पंखांच्या उलट तालात हलतात आणि अंग कुठे कलतंय याची खबर देतात. त्या काढल्या तर माशीला धड उडता येत नाही. या हिशेबाने डास हीसुद्धा माशीच. चिलटं, केमरं, घुंगुरडं, गोमाशी, आंब्यावरची फळमाशी हे सगळं एकच गणगोत. पावसाळ्यात मोरीच्या टाइलवर करड्या, मखमली पंखांची, बदामाच्या आकाराची एक इवलीशी माशी बसलेली असते ना, तीही यातलीच. तिचं शास्त्रीय नाव क्लोग्मिया अल्बिपंक्टाटा. पुढच्या वेळी पाणी ओतण्याआधी क्षणभर वाकून बघा. पंखांच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची किनार दिसेल. जगभरात दीड लाखांहून जास्त डिप्टेरांना नावं मिळाली आहेत, आणि बारीक माश्यांमध्ये नाव नसलेल्याच जास्त असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे.

आता एक माशी हातात धरून पुढे जाऊ. समजा, येऊरला एक मलेझ सापळा लावला आहे. हा सापळा म्हणजे जाळीदार कापडाचा तंबूच. मध्ये उभा पडदा, वर उतरतं छप्पर आणि सर्वांत उंच कोपऱ्यात अल्कोहोलची बाटली. रेने मलेझ हा स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ १९३४ मध्ये ब्रह्मदेशात हिंडत होता. तंबूत शिरलेले कीटक वर वर जात कोपऱ्याकडे गोळा होतात आणि तिथे भोक असेल तर बाहेर पडतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून त्याने हा सापळा बनवला आणि १९३७ मध्ये त्याचा आराखडा छापला. कीटकाला अडथळा आला की तो उजेडाच्या दिशेने वर चढतो, एवढ्या एका सवयीवर हा सापळा आजही जगभर चालतो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे सापळा सोडाच, साधं जाळंही चालवता येत नाही. ही परवानगी पुढे प्रजाती जाहीर करणाऱ्या लेखातही नमूद करायची असते.

आठवड्याने बाटली काढली की आत काळपट लगदा दिसतो. तो पांढऱ्या ताटलीत ओतायचा आणि मऊ कुंचल्याने एकेक कीटक बाजूला करायचा. पतंग, मुंग्या, भुंगेरे, तुडतुडे वेगळे केल्यावर उरतात त्या माश्या. मग त्यांची कुळं. एका बाटलीला माझे दोन-तीन दिवस जातात. प्रत्येक कुपीत कागदाची चिठ्ठी टाकायची, शिसपेन्सिलने किंवा अल्कोहोलात न उतरणाऱ्या शाईने लिहिलेली. सुरुवातीला मी एकदा साध्या जेल पेनने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. आठवड्याने पाहिलं तर अल्कोहोल निळसर आणि कागद कोरे. चाळीसेक माश्या होत्या, अगदी धडधाकट, पण कुठल्या ओढ्यावरच्या, कोणत्या तारखेच्या, सांगणारं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी मला जे वाईट वाटलं ते आजही आठवतं. ठिकाण आणि तारीख गेली की नमुन्याचा उपयोग जवळपास संपतो.

आपली माशी फोरिडी या कुळातली आहे असं धरू. या माश्यांच्या पाठीला कुबड असतं, आणि धोका वाटला की त्या उडण्याऐवजी आधी तुरुतुरु पळतात. केळ्याच्या सालीवर, कचऱ्याच्या डब्याजवळ तुम्ही त्या पाहिलेल्या आहेत. यातली मेगासेलिया स्कॅलारिस नावाची माशी इतकी सर्वभक्षी की तिच्या अळ्या बुटाच्या पॉलिशमध्ये आणि रंगाच्या डब्यातही वाढलेल्या सापडल्या आहेत. याच कुळातल्या काही माश्या मुंगीच्या अंगात अंडं घालतात, अळी मुंगीच्या डोक्यात जाऊन वाढते आणि शेवटी ते डोकं गळून पडतं. मेगासेलिया या एकाच जीनसमध्ये दीड हजारांहून जास्त प्रजाती आहेत. आपली माशी लांबीला १.८ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. दीड हजारांतून ती वेगळी आहे हे दाखवायचं कसं?

सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अंगावर केसांचं रान दिसतं. पण ते कसंही उगवलेलं नसतं. जाड, राठ केस ठरलेल्या जागी, ठरलेल्या संख्येने येतात, आणि प्रत्येकाला नाव आहे, गल्लीतल्या घरांना नंबर असावा तसं. मेगासेलिया हातात आली की जाणकार आधी छातीच्या बाजूचा एक विशिष्ट पट्टा बघतो. तिथे केस आहेत की तो भाग गुळगुळीत आहे? मग पाठीच्या टोकाशी असलेली छोटी त्रिकोणी ढाल. तिच्यावर राठ केस दोन की चार? मग पंख. पुढच्या कडेची जाड शीर पंखाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, साधारण अर्ध्यात थांबते. या शिरेची लांबी भागिले पंखाची लांबी, हा आकडा काढायचा. संतोलकाची गुठळी पिवळी की तपकिरी? मागच्या मांडीच्या तळाशी केस लांब की आखूड? एकेक उत्तर मिळेल तशी दीड हजारांची यादी शंभरावर येते, मग दहावर, मग दोन-तीनवर.

इथे घाई करणारा फसतो. एकाच आईची दोन लेकरं जशी हुबेहूब नसतात, तशा एकाच प्रजातीच्या दोन माश्याही नसतात. अळी असताना खायला कमी मिळालं तर माशी लहानखुरी राहते. कोशातून नुकतीच बाहेर आलेली माशी फिकट असते. अल्कोहोलात वर्षभर राहिली की पिवळ्याचा तपकिरी होतो. तेव्हा ‘ही थोडी लहान आहे’ किंवा ‘हिचा रंग वेगळा आहे’ एवढ्यावर नवी प्रजाती उभी राहत नाही. फरक असा हवा की जो लहान-मोठ्या, ताज्या-जुन्या सगळ्या नमुन्यांत टिकतो आणि जवळच्या प्रजातीत कुठेच दिसत नाही. म्हणून एका माशीवर समाधान न मानता आठ-दहा तरी मिळवायच्या, जमल्यास वेगवेगळ्या ठिकाणच्या.

सर्वांत खात्रीचा पुरावा बहुतेक बारीक माश्यांमध्ये नराच्या जननेंद्रियात असतो. हे सांगताना ऐकणारे थोडे संकोचतात, पण कीटकशास्त्राचा अर्धा डोलारा त्यावरच उभा आहे. पंख, पाय, रंग सारखे असलेल्या दोन प्रजातींत हा अवयव स्पष्ट वेगळा निघतो. मादी कोणत्या नराला स्वीकारते यावर पुढची पिढी ठरते, त्यामुळे शरीराचा हा भाग बाकीच्या भागांपेक्षा लवकर बदलत जातो असं मानलं जातं. तो पाहायचा तर उदराचं टोक सुईने अलगद वेगळं करायचं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कोमट करायचं. आतलं मांस विरघळतं, कडक कवच तेवढं उरतं. मग ते ग्लिसरिनच्या थेंबात ठेवून सुईने सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं. मला हे शिकायला वर्ष लागलं. आधीच्या कित्येक माश्यांचे तुकडे माझ्या श्वासाने उडून गेले. आता मी तोंडाला रुमाल बांधूनच बसते आणि पंखा बंद करते, मग मे महिना का असेना.

एक दिवस शेजारचा सातवीतला मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी आला होता. त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काकू, हिच्या पायावर तर फणी आहे.” खरंच, मागच्या नडगीवर केसांची एकसारखी रांग होती, फणीच्या दातांसारखी. मी ते वर्षानुवर्षं पाहत होते आणि वहीत ‘नडगीवर केसांची सलग ओळ’ असं लिहीत होते. त्याने एका शब्दात चित्र उभं केलं. वर्णन लिहिताना मला तो शब्द आठवतो.

आता जुनी कागदपत्रं. माशी नवी म्हणायची तर आधीच्या सगळ्या नावांशी ताडून बघावी लागते, आणि प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून सुरू होतो. त्या वर्षी लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती आली. घरमाशीचं म्युस्का डोमेस्टिका हे नाव त्यातलंच. भारतातल्या माश्यांसाठी एन्रिको ब्रुनेटीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाडजूड खंड लिहिले, ते आजही उघडावे लागतात. अडचण ही की जुनी वर्णनं कधी कधी दोन-तीन ओळींची असतात: ‘काळी, पाय पिवळे, पंख स्वच्छ’. या वर्णनात आजच्या पन्नास प्रजाती बसतील. मग ज्या माशीवरून ते लिहिलं गेलं तीच माशी बघावी लागते. ती लंडनला असेल, व्हिएन्नाला असेल, कोलकात्याला असेल. तिथे पत्र पाठवा, फोटो मागवा, कधी स्वतः जा. कित्येक ‘नव्या’ माश्या याच टप्प्यावर जुन्या निघतात.

ती मूळ माशी सर्वांत महत्त्वाची. तिला होलोटाइप म्हणतात. नवी प्रजाती जाहीर करताना एक, फक्त एक नमुना निवडून सांगायचं की हे नाव या देहाला बांधलेलं आहे. बाकीचे नमुने सोबतीला, त्यांना पॅराटाइप म्हणतात. पुढे कोणी म्हणालं की तुमच्या पेटीत दोन प्रजाती मिसळल्या आहेत, तर ते खरंही असू शकतं. अशा वेळी नाव होलोटाइपच्या बाजूला राहतं आणि उरलेल्यांना दुसरं नाव शोधावं लागतं. आपल्याकडे जमीन कोणाची हे तोंडी सांगून चालत नाही, सातबारा काढावा लागतो. होलोटाइप हा नावाचा सातबारा आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे, म्हणजे १ जानेवारी २००० पासून, नव्या प्रजातीसाठी मूळ नमुना नेमून देणं आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते सांगणं सक्तीचं आहे. भारतात यावर कायद्याचाही हात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी प्रजाती शोधणाऱ्याने ती नेमून दिलेल्या संस्थेला कळवायची आणि नमुने तिथे जमा करायचे. प्राण्यांसाठी अशी मोठी संस्था म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेलं भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्यात, आणि आपल्या जवळचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

हे सांभाळणं किती नाजूक आहे ते २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जगाने पाहिलं. ब्राझीलमध्ये रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि कीटकांचा प्रचंड संग्रह, त्यातल्या होलोटाइपांसह, राख झाला. अशा वेळी गरज पडली तर काटेकोर नियम पाळून बदली नमुना नेमता येतो. पण पहिल्या माणसाने पाहिलेला देह तो नसतोच. आपल्याकडे आग लागली नाही तरी दमट हवा आहे, बुरशी आहे, आणि संग्रहातले वाळलेले कीटक खाणारे बारीक भुंगेरेही आहेत.

मग लेखन. समजा, आपल्या माशीचं वर्णन केलं, तर त्यातला एक तुकडा असा दिसेल:

“नर. शरीराची लांबी १.८ मिमी. कपाळ तपकिरी, उंचीपेक्षा रुंद. छातीच्या बाजूचा वरचा पट्टा केसरहित. पाठीच्या ढालीवर राठ केसांची एक जोडी, बारीक केसांची एक जोडी. पंखाच्या कडेची शीर पंखाच्या लांबीच्या ०.४४ पट. संतोलकाची गुठळी पिवळी. उदराच्या टोकाच्या कवचावर डाव्या बाजूला चार राठ केस, त्यांतला सर्वांत लांब केस गुदनलिकेच्या टोकावरच्या केसांपेक्षा आखूड.”

हा नमुना मी समजावण्यासाठी रचला आहे, पण खऱ्या लेखातली भाषा हीच असते. क्रियापदं जवळपास नाहीत, विशेषणं मोजकी, ‘सुंदर’ किंवा ‘विलक्षण’ कुठेच नाही. नवख्याला हे रुक्ष वाटतं. मला यात फार मोठा आदर दिसतो. लिहिणारा न पाहिलेल्या, कदाचित अजून न जन्मलेल्या वाचकासाठी एकेक केस मोजून ठेवतो आहे. वर्णनाआधी ‘निदान’ नावाचा छोटा परिच्छेद असतो. जवळच्या कोणत्या प्रजातीपासून ही कशाने वेगळी, तेवढंच त्यात. शंभर ओळी वाचायला वेळ नसलेला माणूस निदान वाचतो. त्याशिवाय आकृत्या, फोटो, कुठे मिळाली, कशावर बसली होती, आणि शेवटी ओळखतालिका. तिच्यात जोडीजोडीने प्रश्न असतात: पट्टा केसाळ असेल तर ७ वर जा, गुळगुळीत असेल तर २ वर जा. नवी माशी आली की जुन्या तालिकेत तिच्यासाठी एक जोडी वाढवावी लागते. एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. नाव लॅटिन लिपीतच हवं, पण वर्णन अमुक भाषेतच लिहा अशी सक्ती संहितेत नाही, जगभर वाचल्या जाणाऱ्या भाषेची शिफारस तेवढी आहे. मराठीत लिहिलेलं वर्णन केवळ भाषेमुळे रद्द होत नाही.

गेल्या वीस वर्षांत यात डीएनएची भर पडली आहे. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचला तर बहुतेक प्राणी ओळखता येतात. याला डीएनए बारकोड म्हणतात. माशीचा एक पाय पुरतो. फोरिडीमध्ये नर आणि मादी कधी कधी इतके वेगळे दिसतात की जोडी लावणं डोळ्यांनी अशक्य, तिथे बारकोड पटकन सांगतो की हे दोघं एकाच घरचे. आणि उलटही होतं. दिसायला एकच, पण आतून वेगळे. आपल्या देशात खेड्यापाड्यांत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस हा डास असाच. एक प्रजाती समजली जात होती, त्या पाच निघाल्या. त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात, आणि त्यातली बी मलेरिया पसरवण्यात फारच कच्ची. कोणत्या गावात कोणता डास आहे हे न बघता फवारणी केली तर पैसा आणि औषध दोन्ही वाया जाऊ शकतं. तरी नुसत्या बारकोडवर प्रजाती जाहीर करणं मला पटत नाही. एका जनुकाची अक्षरं छापून ठेवली तर येऊरला भिंग घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा काही उपयोग नाही. डोळ्यांनी दिसणारं आणि जनुकात वाचलेलं, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असेल तेव्हा मला खात्री वाटते.

मारायलाच हवं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली मार्लेयिमिया झायलोकोपे ही माशी केवळ फोटोंवरून जाहीर झाली. काळ्या भुंग्याची हुबेहूब नक्कल करणारी ती देखणी माशी हाती नव्हतीच. त्यावर जगभरातल्या शास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. मोठ्या, रंगीत माशीच्या बाबतीत फोटो कदाचित भागवतील. मोहरीएवढ्या माशीच्या पोटाखालचे चार केस फोटोत येत नाहीत. मी मारते, आणि म्हणूनच एकही माशी चिठ्ठीशिवाय वाया जाऊ नये याची काळजी घेते.

नावाचा भाग लोकांना सर्वांत जास्त आवडतो. पहिला शब्द जीनसचा, दुसरा प्रजातीचा, मागे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष. गावावरून नाव द्यायचं तर शेवटी ‘एन्सिस’ लागतं, पुरुषावरून दिलं तर ‘इ’, स्त्रीवरून दिलं तर ‘ए’. स्वतःचं नाव स्वतः देणं शिष्टाचारात बसत नाही. २०१२ मध्ये थायलंडमधून ०.४ मिलिमीटर लांबीची फोरिडी माशी जाहीर झाली, मिठाच्या कणाएवढी. तिचं नाव युरिप्लाटेया नानकनिहाली, एका कीटकवेड्या मुलाच्या नावावरून. ऑस्ट्रेलियातल्या सोनेरी पोटाच्या एका गोमाशीला २०११ मध्ये गायिका बियॉन्सेचं नाव मिळालं, आणि ती माशी पकडली गेली होती १९८१ मध्ये. तीस वर्षं ती संग्रहात पडून होती. हे काही अपवादात्मक नाही. २०१२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासानुसार नमुना गोळा होण्यापासून तो नवी प्रजाती म्हणून जाहीर होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. माझं सर्वांत आवडतं उदाहरण लॉस एंजेलिसचं. तिथे रहिवाशांच्या अंगणात मलेझ सापळे लावले आणि २०१५ मध्ये मेगासेलियाच्या तब्बल ३० नव्या प्रजाती जाहीर झाल्या, एका गजबजलेल्या शहरातून. ज्यांच्या अंगणात माश्या मिळाल्या त्यांचीच नावं त्यांना दिली. ठाण्यात तर शहराला खेटून जंगल आहे, मधे तलाव आहेत, पूर्वेला खाडी आहे. इथल्या सोसायटीच्या बागेत सापळा लावला तर काय निघेल याचा विचार करून मला कधी कधी झोप येत नाही.

आणि नाव चुकलं तर? २००३ मध्ये केनियात एक फळमाशी दिसली आणि पाहता पाहता आफ्रिकाभर पसरली. २००५ मध्ये ती बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स या नव्या नावाने जाहीर झाली. नवी कीड म्हणजे नवे निर्बंध, तिच्या मुलखातून आलेल्या फळांवर नवी बंदी. पुढे अनेक देशांच्या संशोधकांनी तिचं शरीर, जनुकं, गंधरसायनं, दुसऱ्या माश्यांशी जुळणं, सगळं तपासलं आणि २०१५ मध्ये निकाल दिला की ही वेगळी प्रजाती नाहीच. ही तर आशियातली जुनी ओळखीची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, आपल्या आंब्याला लागते तीच. नियम असा की जुनं नाव टिकतं, म्हणून १९१२ मध्ये हेंडेल या कीटकशास्त्रज्ञाने दिलेलं डॉर्सालिस राहिलं आणि इन्व्हाडेन्स मिटलं. हेंडेलने ती डॅकस या जीनसमध्ये ठेवली होती, पुढे ती हलवली गेली. म्हणून तिच्या नावामागे हेंडेल आणि वर्ष कंसात लिहितात. तो छोटा कंस म्हणजे या बदलाची नोंद. हे सगळं नवी मुंबईला दूरचं नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा आणि चार भाज्या रोखल्या, कारण मालात फळमाश्या आणि इतर किडी सापडत होत्या. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडला. आज वाशीत निर्यातीच्या आंब्याला उष्ण वाफेची प्रक्रिया देण्याची सोय आहे, ती अशाच माश्यांच्या अळ्यांसाठी. पेटीत कोणती माशी आहे हे सांगणारा माणूस तिथे लागतोच, आणि त्याच्या हातात कोणीतरी केस मोजून लिहून ठेवलेली ओळखतालिका असते.

आपली येऊरची माशी समजा जाहीर झाली. लेख दोन तज्ज्ञांनी तपासला, दुरुस्त्या झाल्या, नावाची झूबँक या नोंदवहीत नोंद झाली, छापून आला. आता ती संग्रहात जाते. काचपट्टीवर कॅनडा बाल्समच्या पारदर्शक राळेत तिचे पंख, पाय, उदराचं टोक वेगवेगळे बसवलेले. या राळेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या काचपट्ट्या आजही स्वच्छ दिसतात. डाव्या बाजूला चिठ्ठी: भारत, महाराष्ट्र, ठाणे, येऊर, ओढ्याकाठी, अक्षांश, रेखांश, उंची, तारीख, मलेझ सापळा, गोळा करणाऱ्याचं नाव. उजव्या बाजूला लाल चिठ्ठी: होलोटाइप, नर. काचपट्टी पेटीत, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, वहीत नोंदणी क्रमांक.

काही वर्षांनी रत्नागिरीत कोणीतरी दिव्याखाली एक कुबडी माशी पकडतं. पट्टा गुळगुळीत, गुठळी पिवळी, डावीकडे केस मात्र पाच. चार हवेत. ती व्यक्ती लेख उघडते, पुन्हा मोजते, मग संग्रहालयाला पत्र लिहिते: होलोटाइपच्या डाव्या बाजूचा फोटो मिळेल का? कोणीतरी वहीतला क्रमांक बघून कपाटाचं कुलूप काढतं.